झाडीबोली आणि तरुणांची अस्मिता : घर, शाळा, सोबती, रंगमंच

तरुणांची सामूहिक ओळख कशी घडते, या प्रश्नाचे सामाजिक मानसशास्त्राने दिलेले उत्तर आता परिचित झाले आहे. एरिक एरिक्सन यांनी १९६८ च्या ग्रंथात पौगंडावस्था हा अस्मितेच्या पेचाचा काळ मानला. जीन फिनी यांनी १९९० च्या सुमारास त्याच धाग्यावरून पुढे जात अपरीक्षित, शोधाधीन आणि सिद्ध अशा अवस्थांची मांडणी केली. कुटुंब, शाळा, समवयस्क आणि प्रसारमाध्यमे या चार संस्थांमधून व्यक्ती आपल्या समूहाची जाणीव मिळवते, हे या मांडणीमागचे गृहीत होय. मराठी समीक्षेनेही आत्मकथनांच्या चर्चेत हे गृहीत फारसे न तपासता स्वीकारलेले दिसते. भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात ते तपासून पाहिले असता त्याच्या मर्यादा स्पष्ट होतात.

पहिली अडचण संज्ञेचीच आहे. ‘एथ्निक’ या शब्दाला ‘वांशिक’ हा प्रतिशब्द रूढ असला, तरी वैनगंगेच्या खोऱ्यातील समाजरचनेला तो लागू पडत नाही. येथे जात, जमात, बोली आणि प्रदेश या चार रेषा एकमेकींना छेदतात. कोणतीही एक रेषा ‘समूह’ या नावाला पुरी पडत नाही. १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्य प्रांताचा आणि नंतर मध्य प्रदेशाचा भाग होता. हिंदीचा शेजार, गोंडीचे अस्तित्व आणि पोवारीसारखी घरगुती भाषा यांमुळे ‘मराठी’ ही ओळखही येथे जन्मसिद्ध नसून अनेकांच्या बाबतीत शाळेतून आलेली आहे.

घराकडून मूल बोली घेते, आणि बोलीबरोबर जातही घेते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. या भागातील बोलरूपांची नोंद करताना कोष्टी, गोवारी अशी जातिवाचक नावे त्यात वापरली गेली. एका गावातील शेजाऱ्यांच्या बोलण्यात किती अंतर होते, हा वेगळा प्रश्न. परंतु सर्वेक्षकाने भाषा मोजताना जातच मोजली, हे त्या नावांवरून उघड होते. पुढे याच प्रदेशातील लोकभाषेला ‘झाडीबोली’ हे प्रदेशवाचक नाव प्रस्थापित करण्याचे काम डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केले. साकोली परिसरातून उभ्या राहिलेल्या झाडीबोली साहित्य मंडळाच्या चळवळीने १९९० च्या दशकापासून त्या नावाभोवती संमेलने आणि लेखन जमवले. जातीच्या नावांनी विखुरलेल्या बोलरूपांना प्रदेशाच्या एका नावाखाली आणणे ही केवळ भाषाशास्त्रीय दुरुस्ती नव्हती. ‘आपण कोण’ या प्रश्नाचे ते नवे उत्तर होते.

या उत्तराची गरज शाळेने निर्माण केली. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. ‘पाणी’ हे ‘पानी’ होते, ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो. ही नियमबद्ध ध्वनिव्यवस्था आहे. शुद्धलेखनाच्या तासाला मात्र ती चूक ठरते, आणि चूक करणारा मुलगा असतो, त्याची भाषा नव्हे, असे त्याला वाटू लागते. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीमुळे राज्यभर एकच पाठ्यपुस्तक पोहोचले, ही मोठी उपलब्धी होती. तिची किंमत बोलींनी मोजली. याच शाळेच्या दुसऱ्या कृतीकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. शाळा बोली पुसते, त्याच वेळी दाखलखारीज नोंदवहीत जात कायम करते. मुलाच्या तोंडची ओळख अशुद्ध म्हणून नाकारली जाते आणि कागदावरची ओळख आयुष्यभरासाठी पक्की होते.

कागदावरच्या या ओळखीचे वजन किती, हे दोन प्रकरणांतून कळते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला. मागणी होती ती अनुसूचित जमातीत समावेशाची. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निर्णय दिला, तर १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. हलबा-कोष्टींच्या बाबतीतही २८ नोव्हेंबर २००० च्या निकालाने जमातीचा दावा अमान्य झाला. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणात बोलींची म्हणून आलेली कोष्टी आणि गोवारी ही नावे शतकाअखेरीस न्यायालयांत जमातीच्या वादाची नावे म्हणून परतली. अठरा वर्षांचा तरुण आपली ओळख ‘शोधत’ असतो असे सिद्धांत म्हणतो. येथे तो ती सिद्ध करण्यासाठी आजोबांच्या नोंदी शोधत असतो. चार संस्थांच्या मांडणीत शासनसंस्थेला स्थान नाही, ही तिची सर्वांत मोठी उणीव होय.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) या पुस्तकात हीच यंत्रणा दुसऱ्या टोकाने दिसते. महार कुटुंबात जन्मलेली नागपूरची विद्यार्थिनी संस्कृतात पारंगत होते, तरी तिला नोकरी मिळते ती विवाहानंतर आडनाव बदलल्यावर. प्रमाण भाषाच नव्हे, तर देवभाषा आत्मसात करूनही नोंदवहीतील नाव बोलत राहते. भाषा शिकल्याने ओळख ओलांडता येते, या शाळेच्या आश्वासनाचे याहून कठोर परीक्षण विदर्भाच्या गद्यात विरळा.

सोबत्यांच्या आणि माध्यमांच्या पातळीवर बोलीचे भवितव्य अधिक गुंतागुंतीचे आहे. दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई आणि रात्रीचे नाटक किंवा दंडार ही येथील तरुणांची खरी सार्वजनिक जागा. तेथे बोली लाजेची राहत नाही. परंतु झाडीपट्टी रंगभूमीवर नायक-नायिकेची आणि करुण प्रसंगांची भाषा बहुतांशी प्रमाण मराठी असते. बोली प्रामुख्याने विनोदी पात्रांच्या वाट्याला येते. परशुराम खुणे यांच्यासारख्या विनोदी नटाला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हा या रंगभूमीचा यथोचित गौरव होय. तरीही प्रश्न उरतो : ज्या भाषेत आपण रडतो, ती रंगमंचावर केवळ हसवण्यासाठी येत असेल, तर तिच्यातील प्रेक्षकाला स्वतःविषयी काय कळते? शाळा बोलीला चूक ठरवते आणि रंगमंच तिला गंमत ठरवतो. दोन्हीकडे ती गंभीर विधानाची भाषा होत नाही. नभोवाणी आणि दूरदर्शन यांनी हा विभाग बदलला नाही. आज मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतही तो बऱ्याच अंशी टिकून आहे.

झाडीबोलीतील साहित्याचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हायला हवे. शब्दसंग्रह, म्हणी आणि लोकगीते यांचे जतन आवश्यक आहे. परंतु जतन म्हणजे निर्मिती नव्हे. बोलीत तक्रार करता येते का, युक्तिवाद करता येतो का, दुःख मांडता येते का, हे प्रश्न महत्त्वाचे. त्यांच्याही पुढचा प्रश्न असा की, प्रदेशाचे नाव जातीचे नाव झाकून टाकते का? २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यांत शिकणारी मुलगीही होती. गाव एक होते, बोलणे एकमेकांना समजत होते. त्याने कोणाचे रक्षण झाले नाही. त्या हत्याकांडाची व्यापक दखल प्रसारमाध्यमांनी घेतली तीही विलंबाने, निदर्शने सुरू झाल्यावर. ‘आपण सारे झाडीचे’ या विधानाला खैरलांजीचा सामना केल्याशिवाय नैतिक बळ येणार नाही.

याच जिल्ह्यात ओळखीचे एक वेगळे प्रतिमानही उपलब्ध आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून पराभूत झाले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या धर्मांतराने पूर्व विदर्भातील असंख्य घरांची ओळख बदलली. ती घराने वारशात दिलेली, शाळेने नोंदवलेली वा रंगमंचाने दाखवलेली नव्हती. ती निर्णयाने स्वीकारलेली होती. पुढच्या पिढीला मात्र ती घरातूनच मिळाली, म्हणजे निर्णय पुन्हा वारसा झाला. घडवणाऱ्या संस्थांची यादी करणारा सिद्धांत ‘घडवली जाणारी’ व्यक्ती गृहीत धरतो. धर्मांतराने नाकारणारी व्यक्ती दाखवून दिली.

झाडीबोलीच्या चळवळीला या अनुभवाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. बोली ही जन्माने मिळते, पण तिच्यात काय बोलायचे हे निवडावे लागते. नोंदवहीने पक्की केलेली जात आणि शाळेने पुसलेला उच्चार या दोहोंविषयी त्याच बोलीत, न हसता आणि न लाजता लिहिले जाईल, तेव्हा ‘झाडी’ हे नाव भूगोलापलीकडे जाईल.