आशेचे राजकारण आणि नेतृत्वाच्या मर्यादा : ‘द ऑडॅसिटी ऑफ होप’

पुरोगामी राजकारणात जनतेच्या आशेचे अधिष्ठान नेता असावा की संघटना, हा प्रश्न बराक ओबामा यांच्या ‘द ऑडॅसिटी ऑफ होप’ (२००६) या ग्रंथाच्या आधारे तपासता येतो. ग्रंथलेखनाच्या वेळी ओबामा इलिनॉय राज्याचे सिनेटर होते. नऊ प्रकरणांत त्यांनी पक्ष, मूल्ये, संविधान, धर्मश्रद्धा, वंश इत्यादी विषयांचे संयत विवेचन केले आहे. प्रतिपक्षाची भूमिका समजून घेण्याची वृत्ती हे या ग्रंथाचे बलस्थान होय. तथापि शिकागोत लोकसंघटक म्हणून कार्य केलेल्या लेखकाने लोकसंघटनेस स्वतंत्र प्रकरण दिलेले नाही, ही उणीव लक्षणीय आहे. परिणामी आशा सामूहिक कृतीपेक्षा नेत्याच्या समंजसपणावर अधिक विसंबलेली दिसते.

पुढील घटनाक्रमात या उणिवेचे प्रत्यंतर येते. २००८ च्या विजयामागे असंख्य स्वयंसेवकांचे श्रम होते. २००९ मध्ये ती यंत्रणा डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीत समाविष्ट झाली. मार्च २०१० मध्ये आरोग्यविमा सुधारणेचा कायदा झाला, परंतु त्यास रिपब्लिकन पक्षाचे एकही मत मिळाले नाही. नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील ६३ जागा घटल्या. यास आर्थिक मंदी व बेरोजगारी कारणीभूत होतीच. मात्र समंजसपणाने सहमती साधता येते, हे ग्रंथातील गृहीतक येथे अपुरे ठरले.

राजकारणातील व्यक्तिभक्तीविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा येथेही मार्गदर्शक ठरतो. नेता आशा जागवू शकतो. ती टिकविण्याचे कार्य मतदानानंतरही सक्रिय राहणाऱ्या संघटनांनाच करावे लागते.