मोळी आणि आंघोळ

एकच पुस्तक घरातल्या चौघांच्या हातून फिरले की ते एकच राहते, असे मानायला मी तयार नाही. ‘श्यामची आई’च घ्या ना. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्यावर मराठी घरांतले किती डोळे ओले झाले, याची गणती नाही. पुढे अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने तर आईला वनमालाबाईंचा चेहराच दिला. (पुष्कळांची ‘श्यामची आई’ खरे म्हणजे तीच!)

मुलांना या पुस्तकात पोहायला घाबरणारा श्याम दिसतो आणि आईचा मार दिसतो. पण ज्याच्या घरावर कधी कर्ज होते, त्याला रडवणारी पाने निराळी. दारात येऊन वाटेल ते बोलणारा सावकाराचा माणूस, भाऊंची खाली गेलेली मान, एका खोती घराची उतरती कळा. असा वाचक या पुस्तकाला कोकणातल्या कर्जबाजारीपणाची कहाणी म्हणाला, तर त्याला चूक कसे म्हणावे?

आता मोळीची गोष्ट पाहा. एका म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते, आणि मग घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. आमच्यासारख्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मोळी तेवढी लक्षात राहिली. त्या म्हातारीच्या नातवंडांनी हेच पान वाचले, तर त्यांची नजर आंघोळीवरच थांबणार. त्यांनी पदरचे काही घातलेले नाही. ते वाक्य तिथे पहिल्यापासून आहे. आपल्याच डोळ्यांतल्या पाण्याने ते आपल्याला पुसट दिसले.

म्हणून वाटेल त्याने वाटेल तो अर्थ काढावा, असे मात्र नव्हे. श्यामच्या आईला रूढी झुगारणारी बंडखोर ठरवू गेलात, तर पुस्तक तुम्हांला साथ देणार नाही. ती आपल्या काळाच्या कुंपणातच वावरते. फक्त त्या कुंपणातून हात जितका बाहेर जाईल तितका काढते.

या गोष्टीचा आणखी एक वाचक होता, तो म्हणजे खुद्द तिचा लेखक. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण आरंभिले. आईने सांगितलेली ती आंघोळ त्यांच्यापुरती तोवर केव्हाच सुटली होती.