पाट्यांमागचा आवाज

ऑस्कर मिशो यांचा ‘विदिन अवर गेट्स’ (१९२०) हा मूकपट पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्यातल्या मजकुराच्या पाट्या मी वहीत उतरवून घेतल्या होत्या, मिशोंचे शब्द म्हणून. पुढे कळलं, बहुतेक शब्द त्यांचे नाहीतच. हरवलेला हा चित्रपट स्पेनमध्ये ‘ला नेग्रा’ या नावाने सापडला. १९९३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो पुन्हा उभा केला, तेव्हा स्पॅनिश पाट्यांवरून इंग्रजी मजकूर नव्याने रचावा लागला. मी स्वतः अनुवादक. तरी अनुवादालाच मूळ समजून बसले होते.

कृष्णवर्णीय चित्रपटाच्या इतिहासकार जॅकलिन स्ट्युअर्ट यांचं काम मी ही चूक ध्यानात ठेवून वाचते. ‘मायग्रेटिंग टू द मूव्हीज’ (२००५) हा त्यांचा ग्रंथ पडद्याइतकाच प्रेक्षागृहाकडे पाहतो. दक्षिणेतून शिकागोला आलेली माणसं, वेगळं बसवणारी थिएटरं आणि पडद्यावर आपलीच टवाळी. अशा प्रेक्षकाने चित्रपटात रंगून जायचं कसं? स्ट्युअर्ट म्हणतात, तो रंगून जातोच असं नाही. आपल्या माणसांत बसून मोडलेलं स्वत्व पुन्हा जुळवू पाहतो. मांडणी पटते, पुरावा थोडा खटकतो. या प्रेक्षकाचं मन उलगडताना त्या रिचर्ड राइट (१९४०) आणि टोनी मॉरिसन (१९७०) यांच्या कादंबऱ्यांचाही आधार घेतात. पण कादंबरीतलं पात्र म्हणजे साक्षीदार नव्हे. तोही एक अनुवादच.

त्याच वर्षी त्यांनी शिकागो विद्यापीठात ‘साउथ साइड होम मूव्ही प्रोजेक्ट’ सुरू केला. शहराच्या दक्षिण भागातल्या कुटुंबांनी घरी काढलेल्या फिती जमवायच्या, जपायच्या आणि त्या घरच्यांनाच विचारायचं: हे कोण? ही जागा कुठली? ग्रंथात जो प्रेक्षक अंदाजाने उभा करावा लागला, त्याच्या पुढच्या पिढ्या इथे स्वतः बोलतात. ग्रंथातल्या उणिवेचं उत्तर मला इथे दिसतं.

पुढे चार्ल्स मसर यांच्यासोबत संपादिलेला ‘पायोनियर्स ऑफ आफ्रिकन-अमेरिकन सिनेमा’ हा संच, मॅकआर्थर फेलोशिप (२०२१), अकादमी म्युझियमचं संचालकपद (२०२२) हे सगळं आलं. माझ्या लेखी मोठं काम मात्र ते साधे प्रश्न विचारण्याचं. फीत वाचली तरी ती ओळखणारं माणूस गेलं, की चित्र मुकं होतं.

परवा जुनी वही काढली. मिशोंच्या ओळी खोडल्या नाहीत. खाली फक्त लिहिलं, ‘स्पॅनिशवरून’.