नोवा हुता : आराखड्यात नसलेली जागा

पोलंडमधील क्राकूवच्या पूर्वेला १९४९ पासून उभारलेल्या नोवा हुताकडे बहुतेक प्रवासी फसलेल्या समाजवादाचे संग्रहालय म्हणून पाहतात. तिथे पायी हिंडल्यावर मला हे वाचन अपुरे वाटले. तादेउश प्ताशित्स्की यांच्या आराखड्यात मध्यवर्ती चौकातून रुंद रस्ते पंख्यासारखे फाकतात. पण त्याचे खरे मोल आतल्या वसाहतींत आहे. झाडांची अंगणे, पाळणाघरे, शाळा, दुकाने, सारे चालत जाण्याच्या अंतरावर. पोलाद कारखान्यातल्या कामगाराला एवढे देणाऱ्या या आराखड्याने त्याची श्रद्धा मात्र नाकारली. त्यात चर्चला जागाच नव्हती. पुढे कबूल केलेली जागाही सरकारने काढून घेतली, तेव्हा १९६० मध्ये तिथला क्रूस वाचवायला रहिवासी पोलिसांशी झुंजले. ‘आर्का पाना’ हे चर्च १९७७ मध्ये पूर्ण झाले. गुलाबांच्या रस्त्यावरचा लेनिनचा पुतळा १९८९ मध्ये हटला. चौकाला पुढे रेगनचे नाव मिळाले. अंगणे मात्र तशीच नांदती आहेत. म्हणून या नगरीची समीक्षा पुतळ्यांवरून करू नये. आराखड्याने माणसाला काय दिले आणि त्याला न विचारता काय ठरवले, हे दोन्ही हिशेब एकत्र मांडावेत.