तटापलीकडचा नहेम्या

प्रवचनांत नहेम्या येतो तो ५२ दिवसांत पुरा झालेल्या यरुशलेमच्या तटासह. त्याच्या नेतृत्वाचे मर्म आम्हांस मात्र त्याच्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात दिसते. शेते, द्राक्षमळे गहाण पडलेले, पोटची मुले दास्यात दिलेले लोक आक्रोश करतात, तेव्हा तो तटाच्या कामाची सबब पुढे करीत नाही. सरदारांना भर सभेत जाब विचारतो. आपणही कर्ज दिल्याचे लपवीत नाही. सुभेदाराच्या अन्नाचा भत्ता त्याने १२ वर्षे घेतला नाही. अर्थात, हे सारे तोच सांगतो आणि देवाने त्याचे स्मरण ठेवावे, असेही विनवितो! ही आत्मस्तुती किंचित खटकते. तेराव्या अध्यायात परजातीय विवाह केलेल्यांना मारणारा, त्यांचे केस उपटणारा नहेम्या आमच्या ऐकण्यातील प्रवचनांत कधी भेटला नाही.