काका, यात तुमचा पॉपरच आहे

आज ज्या पुस्तकावर बोलायचं आहे, ते मी आपणहून कधी हातात घेतलं नसतं. एरिक रीस यांचं ‘द लीन स्टार्टअप’, २०११ सालचं. पुतण्या घेऊन आला. नोकरी सोडून दोन मित्रांबरोबर सॉफ्टवेअरची कंपनी काढायचं त्याच्या मनात आहे. म्हणाला, ‘काका, यात तुमचा पॉपरच आहे, वाचून बघा.’ त्याच्या आईचं म्हणणं, मी वाचावं आणि त्याला परावृत्त करावं. मी दोघांचंही पूर्ण ऐकलेलं नाही.

रीस यांचं मूळ म्हणणं मला पटतं. नव्या कंपनीचा ग्राहक कोण, तो पैसे कशाचे देईल, नवे ग्राहक येतील कुठून, ही सगळी गृहीतकं असतात. ती सॉफ्टवेअर बांधून झाल्यावर नव्हे, आधी तपासायची.

पुस्तकातला उत्तम भाग त्यांच्या स्वतःच्या फजितीचा आहे. २००४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘आयएमव्हीयू’ काढली. इन्स्टंट मेसेजिंगचे दिवस. यांनी तर्क केला की लोक आपलं जुनं नेटवर्क सोडणार नाहीत. म्हणून त्यावरच चालेल अशी त्रिमितीय अवतारांची जोड द्यावी, मित्रच मित्रांना ओढून आणतील. कागदावर निर्दोष! सहा महिने राबले आणि कुणी डाउनलोडच करेना. मग लोकांना समोर बसवून दाखवलं, तेव्हा कळलं की ही नवी वस्तू मित्रांपुढे न्यायची त्यांची तयारी नाही. त्यांना तिथे नवे मित्र हवेत. बराचसा कोड टाकून द्यावा लागला.

पुढे ग्राहक वाढू लागले, एकूण आकड्यांचा आलेख वर चढला. पण ज्या महिन्यात जे आले त्यांचा वेगळा गट करून पाहिलं, तर पैसे देणाऱ्यांचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास अडकलेलं. सुधारणा रोज, आणि तो आकडा ढिम्म. एकूण आकडा खोटा नव्हता हो, पण त्यातून हवा तो निष्कर्ष निघत नव्हता. आमच्या विद्यापीठातल्या काही प्रबंधांनाही हे लागू आहे, ते असो.

आता पॉपर. १९३४च्या त्यांच्या ग्रंथातली मागणी अशी, की काय घडलं तर मी माझा सिद्धान्त चूक मानीन, हे आधी सांगा. आणि निकाल विरुद्ध गेल्यावर सोयीची पुरवणी जोडून सिद्धान्त वाचवू नका. रीस यांच्याकडे निकाल विरुद्ध गेला की दोन वाटा: टिकून राहा, नाहीतर ‘पिव्हट’ करा, म्हणजे एक पाय रोवून दिशा बदला. त्याचा निर्णय घेणारी बैठक ठरलेल्या वेळी व्हावी असंही ते सांगतात, चांगलंच आहे. पण त्या बैठकीत ‘बंद करा’ हा पर्याय जवळजवळ नाहीच. उरलेला अवधीसुद्धा ते ‘अजून किती पिव्हट शक्य आहेत’ यावरून मोजतात. म्हणजे थांबवणार कोण? पैसा संपणं. पैसा संपणं म्हणजे खंडन नव्हे. फुटकी गृहीतकं बदलत राहतात आणि ‘आपली कंपनी चालणारच’ हे मधलं विधान कधी परीक्षेला बसतच नाही.

दुसरी शंका ड्रॉपबॉक्सच्या उदाहरणाची. ड्रू ह्यूस्टन यांनी साधारण तीन मिनिटांचा व्हिडिओ टाकला आणि प्रतीक्षायादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली. रीस म्हणतात, गृहीतक तपासलं गेलं. इथे मला न्यायशास्त्र आठवतं. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, हे चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. तो व्हिडिओ तंत्रज्ञानवेड्यांसाठी होता, त्यांना कळतील असे विनोद पेरलेले होते, आणि नाव नोंदवायला काही पडत नव्हतं. या तीन उपाधी. लोकांना कुतूहल आहे एवढं सिद्ध झालं. पैसे देतील हे नाही. ड्रॉपबॉक्स पुढे मोठी झाली, पण निष्कर्ष खरा निघाला म्हणून अनुमान निर्दोष ठरत नाही. रीस यांनी स्वतः आयएमव्हीयूमध्ये पहिल्यापासून पैसे मागितले, महिन्याला ३०० डॉलर इतकं लहान लक्ष्य ठेवून. ती परीक्षा व्हिडिओपेक्षा कितीतरी कडक.

एक गोष्ट मात्र मला खटकली. ते लिहितात, ती जोड न बनवताच ‘डाउनलोड करा’ असं पान ठेवलं असतं तरी कळलं असतं. घेणारे इतके थोडे, की फारशी माफी मागावी लागली नसती. अहो, समोर माणसं आहेत! चार जणांना फसवलं तर ते चालतं, हे कुठल्या नीतिशास्त्रात बसतं? ‘हे अजून तयार नाही, हवं असेल तर नाव द्या’ असं लिहिलं तर प्रयोग बिघडतो का? थोडे कमी लोक येतील. येऊ देत.

पुतण्याला मी परावृत्त केलं नाही. एका कागदावर लिहायला सांगितलं: किती लोकांनी, किती पैसे, कुठल्या तारखेपर्यंत दिले नाहीत तर तू थांबशील. आणि तो कागद आईकडे दे. आकडे त्यानं लगेच लिहिले. तारखेवर तिघांची अजून चर्चा चालू आहे. हं, आता प्रश्न घेऊ.