हाजिर आहे, पण शिकवा आहे

कॅनडाचे कवी-गायक लिओनार्ड कोहेन यांचा ‘यू वॉन्ट इट डार्कर’ हा अल्बम २१ ऑक्टोबर २०१६ रोजी आला आणि ७ नोव्हेंबरला, वयाच्या ८२व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या हयातीत निघालेला हा चौदावा आणि शेवटचा स्टुडिओ अल्बम. आम्हाला त्यातील एका शब्दापाशी थांबावेसे वाटते.

तो शब्द ‘हिनेनी’. हिब्रूत त्याचा अर्थ, मी हजर आहे. मुलाच्या कुर्बानीसाठी हाक आली तेव्हा हजरत इब्राहिम (अ.स.) यांनी हेच उत्तर दिले, असे तौरातमध्ये आहे. हाजींची ‘लब्बैक’ याच जातीची. ‘हाजिर जनाब’ आम्ही वर्गात रोज ऐकतो. पण ते सवयीने म्हटले जाते. कोहेन तो शब्द जाणून उच्चारतात.

ही कथा त्यांनी पूर्वीही गायली होती. १९६९ च्या ‘स्टोरी ऑफ आयझॅक’मध्ये बोलतो तो मुलगा (ज्यू परंपरेत इसहाक, आपल्याकडे इस्माईल), आणि मुलांचा बळी देणाऱ्या वडीलधाऱ्यांना जाब विचारतो. २०१६ मध्ये वेदीवर मुलगा नाही. म्हातारा कवी स्वतःच पुढे होतो. शरीर थकलेले, म्हणून लॉस एंजेलिसच्या घरातच गायन झाले आणि पुत्र अ‍ॅडम यांनी निर्मिती सांभाळली. साथीला मॉन्ट्रियलच्या शार हशोमायिम या त्यांच्या बालपणीच्या सिनेगॉगचे गायकवृंद आहेत.

याला केवळ शरणागती म्हणावे का? आमच्या मते नाही. शीर्षकगीतात प्रार्थनेतील स्तुतीचे शब्द आहेत आणि लगेच, दुःखितांच्या मदतीला कोणी का आले नाही, हा सवालही आहे. उर्दू वाचकाला इथे इक्बालांचा ‘शिकवा’ आठवेल. फरक असा की इक्बालांनी पुढे ‘जवाब-ए-शिकवा’ही लिहिला, कोहेन जवाब लिहीत नाहीत.

सगळीच गीते या उंचीची नाहीत. प्रेमाच्या निरोपाची काही गीते त्यांच्याच जुन्या वाटेने जातात, आणि अर्धवट बोलल्यासारख्या त्या खोल आवाजात चाली एकमेकींसारख्या वाटू लागतात.

तरी शीर्षकगीत आपल्यासाठी मोलाचे आहे. आपल्यात सवाल करणाऱ्याच्या ईमानावर लगेच शंका घेतली जाते. परक्याकडे कोणी शिकवा करीत नाही. नाते असते तिथेच तो होतो. ‘हाजिर आहे’ म्हणणाऱ्यालाच ‘असे का?’ विचारण्याचा हक्क आहे.